मेजरसाहेबांची बातमी

हॅमिल्टनमधलं ते बेसमेंट मला मिळालं ते वडिलांच्या नोकरीमुळे. वडील हवालदार म्हणून रिटायर झालेले, कॅनडाशी त्यांचा काडीचा संबंध नाही, आणि तोवर त्यांच्या फौजी नोकरीचा मला झालेला उपयोग म्हणजे कँटीनमधून येणारा स्वस्त साबण. पण मी घर बघायला गेलो तेव्हा दारात उभ्या असलेल्या उंच, सडपातळ म्हातारीने माझ्याकडे पासपोर्ट मागितला नाही, कॉलेजचे कागद मागितले नाहीत. तिने विचारलं, "इंडियन?" मी हो म्हणालो. "बाप काय करतो?" फौजेत होते, मी म्हणालो. तिने मान हलवली, बाजूला झाली आणि मागे उभ्या असलेल्या लेकीला त्यांच्या भाषेत काहीतरी बोलली. लेक हसली. पुढे केव्हातरी लेकीने मला त्याचा अर्थ सांगितला. आई म्हणाली होती, हा भाडं उशिरा देईल, पण चपला दारात काढील.

मीही सगळ्यांसारखं तिला एमामा म्हणायला लागलो. इथिओपियात म्हाताऱ्या बाईला आदराने तसं म्हणतात, आपण परक्या बाईलाही आजी म्हणतो तसं. ती मला लिजे म्हणायची, म्हणजे बाळा. तिशी उलटलेल्या, पुण्यातली नोकरी सोडून कॉलेजात विशीतल्या पोरांशेजारी बसणाऱ्या, टक्कल पडू लागलेल्या माणसाला कुणी बाळ म्हणावं याचं मला सुरुवातीला हसू यायचं. आता वाटतं, तिचं बरोबर होतं. गावाकडे आणि पुण्यात मी नुसता वयाने वाढलो. जो काही मोठा झालो तो त्या बेसमेंटमध्ये, आणि होऊन जो माणूस झालो त्याच्याबद्दल मला फारसं बरं वाटत नाही.

एमामाचे यजमान त्यांच्या राजाच्या खास फौजेत मेजर होते. तरुणपणी त्यांचं लष्करी शिक्षण हरार नावाच्या गावी झालं होतं आणि तिथे शिकवायला भारतातून गेलेले अधिकारी होते. त्यामुळे आपल्याकडच्या फौजी माणसांबद्दल तिच्या मनात एक आदर होता. तो मी कमावलेला नव्हता, पण भोगला मात्र पुरेपूर. नवऱ्याकडून कानावर पडलेले दोन-चार हिंदी शब्द तिला येत. बर्फ शोव्हल करताना मी रेंगाळलो की वरच्या खिडकीतून 'जल्दी जल्दी' ऐकू यायचं आणि पायऱ्या साफ झाल्या की 'शाबाश'. बाकी आमचं बोलणं मोडक्यातोडक्या इंग्रजीत चाले. नवऱ्याचं नाव ती कधी घेत नसे. माझ्या आईनेही वडिलांचं नाव उभ्या जन्मात घेतलं नाही, तेव्हा त्यात मला वेगळं काही वाटलं नाही. ती नुसतं 'ते' म्हणायची. त्यांना जेवणात तिखट बेताचं लागतं. त्यांना जोरात वाजणारा रेडिओ खपत नाही. पहिले कित्येक आठवडे मी समजत होतो की मेजरसाहेब कुठेतरी गावाला गेले आहेत.

खरी हकीकत मला तिची लेक हिरुत हिने सांगितली. हिरुत पन्नाशीकडे झुकलेली, हॉस्पिटलात नर्स, लग्न करून मोडून पुन्हा आईपाशी येऊन राहिलेली. ती चार-पाच वर्षांची असताना त्यांच्या देशात क्रांती झाली. राजाला काढलं, फौजेतल्याच धाकट्या लोकांनी राज्य हातात घेतलं. मग मोठ्या अधिकाऱ्यांना एकेक बोलावणं येऊ लागलं. मेजरसाहेबांना आलं ते सुट्टीच्या दिवशी, बैठक आहे म्हणून. ते साध्या कपड्यांत गेले, गणवेश कपाटात राहिला, आणि ते परत आले नाहीत. रेडिओवर नावं वाचली जात त्यात त्यांचं नाव कधी आलं नाही. पुढे ते राज्यही गेलं, खड्डे उकरून माणसं काढली, तिथेही ते सापडले नाहीत. एमामाचं म्हणणं एवढंच होतं की गणवेश घरी ठेवून अधिकारी कायमचा जात नसतो.

तो गणवेश मी पाहिलेला आहे. हाताळलेला आहे. सुदानच्या हद्दीकडे पायी निघताना आख्खा कोट बरोबर नेणं म्हणजे मरण होतं, म्हणून एमामाने त्याची शिवण उसवली. पाठ, बाह्या, कॉलर असे तुकडे आपल्या झग्याच्या दोन थरांच्या मध्ये टाचले आणि सिंहाचं चित्र असलेली पितळी बटणं हिरुतच्या फ्रॉकच्या घेरात शिवली. खार्टूमला पोचल्यावर, डोक्यावर छप्पर मिळायच्याही आधी, तिने तो कोट हाताने पुन्हा जोडला. वाटेत नदी ओलांडताना एक तुकडा भिजून कुजला होता, त्यामुळे डावी बाही उजवीपेक्षा आखूड होती. आणि एक बटण कमी होतं. ते हिरुतने निर्वासितांच्या छावणीत एका पोराला देऊन बिस्किट घेतलं होतं. त्या गोष्टीला चाळीस वर्षं होत आली तरी घरात बिस्किटाचा पुडा फुटला की एमामा म्हणायची, "जपून खा गं, एकेक बिस्किट एका सिंहाला पडतं." हिरुत हसायची. हसताना ती आईकडे बघत नसे.

त्यांचं नवं वर्ष सप्टेंबरात येतं. त्याच्या आदल्या दिवशी कोट प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर निघे, उन्हात टांगला जाई आणि बटणं चमकवली जात. पहिल्या वर्षी मी ते नुसतं बघत उभा होतो. हिरुत पॉलिशने कापड डागाळेल म्हणून घाबरत घाबरत घासत होती. मला राहवलं नाही. मी एक पुठ्ठा घेतला, त्याला मधोमध चीर पाडली, ती बटणाच्या मागे सरकवली, आणि मग बिनधास्त घासायला लागलो. वडील असंच करायचे आणि लहानपणी परेडच्या आदल्या दिवशी हे काम माझ्याकडे असायचं. माझं होईपर्यंत एमामा बघत होती, मग उठून आत गेली. मी काही चुकलो का म्हणून हिरुतला विचारलं. ती म्हणाली, "नाही, बाबा असंच करायचे. तुमच्याच माणसांनी शिकवलं असणार." त्या दिवसापासून मी वर जेवायला लागलो.

वरचं स्वयंपाकघर हीच त्या घरातली खरी जागा. बाहेर हॅमिल्टनचं ते राखाडी आभाळ, रस्त्याच्या कडेला मिठाने काळा पडलेला बर्फ, वारा फिरला की पोलादाच्या कारखान्यांकडून येणारा जळका वास, आणि आत मात्र धूप, तिखट आणि भाजलेली कॉफी. कॉफीच्या हिरव्या बिया एमामा लोखंडी पळीवजा तव्यात भाजायची आणि तवा सगळ्यांच्या नाकापुढून फिरवायची. धुराने अलार्म बोंबलू नये म्हणून त्याला आधी न्हाणीतली प्लास्टिकची टोपी घातली जाई. मग कॉफी तीनदा उकळून तीनदा प्यायची, प्रत्येक वेळी अधिक पातळ. पहिल्या फेरीवर उठणाऱ्या माणसाला त्यांच्यात उद्धट समजतात. इंजेरा नावाची त्यांची भाकरी म्हणजे आपल्या आंबोळीची थोरली बहीण, आंबवलेल्या पिठाची, भोकाभोकांची. शिरो म्हणजे जवळजवळ पिठलंच. पहिल्यांदा खाल्लं तेव्हा मी ताटाकडे बघत राहिलो, कारण आईच्या हातचं पिठलं मी कित्येक महिने खाल्लं नव्हतं आणि ते इथे एका परक्या बाईच्या ताटात निघालं होतं. सगळे एकाच ताटात जेवत. जेवताना एमामा एक मोठा घास करून माझ्या तोंडात भरायची, मान मागे घेतली तर तिला राग यायचा. बुधवारी आणि शुक्रवारी दूध-मांस बंद. मी म्हणालो, आमच्याकडेही सोमवार-गुरुवार असतात. ती म्हणाली, मग तू चार दिवस उपाशीच राहा, वाळशील तरी.

एकदा वडिलांचा व्हिडिओ कॉल चालू असताना एमामा मागून आली. मी वडिलांना म्हणालो, या मेजरसाहेबांच्या बायको. गावच्या ओट्यावर बनियनवर बसलेल्या माझ्या बापाने फोन आईच्या हातात दिला, आत जाऊन सदरा घालून आला आणि ताठ बसला. "कुठल्या पलटणीत हाईत साहेब? विचार," म्हणाले. मी विचारलं. एमामाने सांगितलं, राजाच्या. वडिलांनी ते मान हलवून ऐकलं, जणू ती पलटण त्यांना माहीतच होती. मग म्हणाले, "त्यांना सांग, पोरगं जरा सुस्त हाय. आमच्याच्यानं झालं न्हाई, तुम्ही बघा." मी ते तसंच्या तसं सांगितलं नाही.

आता त्यांची ती चाल सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. इथिओपियन लोकांत मरणाची बातमी फोनवर देत नाहीत. एकटं गाठूनही देत नाहीत. ज्याला सांगायचं त्याच्या घरी पहाटे, तो कामाला लागायच्या आत, नात्यातली आणि ओळखीची माणसं मिळून जातात, त्याला मध्ये बसवतात आणि सगळ्यांच्या देखत सांगतात, म्हणजे कोसळला तर धरायला हात असतात. तोवर सगळ्या गावाला ठाऊक असलं तरी त्या माणसापुढे तोंड मिटलेलं. आणि ज्याने मरण पाहिलं किंवा ज्याला पक्कं माहीत आहे असा कुणीतरी लागतो. अंदाजाने कुणाला विधवा करत नाहीत. मेजरसाहेबांचं मरण पाहिलेला माणूस कुणालाच माहीत नव्हता, म्हणून एमामाला कुणी कधी काही सांगितलं नव्हतं. म्हणून तिने काळं नेसलं नाही, केस कापले नाहीत, शोकाला बसली नाही. आणि आई बसली नाही म्हणून लेकीलाही बापासाठी कधी रडता आलं नाही. हिरुत मला एकदा म्हणाली होती, "माझं लग्न मोडलं तेव्हा मी खूप रडले. सगळ्यांना वाटलं नवऱ्यासाठी."

देशात बदल झाला, परागंदा झालेले लोक परत जाऊ लागले, जुने फौजी विमानतळावर जमिनीला कपाळ टेकतानाचे फोटो घरोघर फिरू लागले. एमामाला तिच्या बहिणीने किती वेळा बोलावलं. ती गेली नाही. मला वाटायचं, तब्येत, प्रवास, म्हातारपण. आता कळतं की तिथे आपल्याला मध्ये बसवतील याची तिला भीती होती. क्रांतीने तिला देशाबाहेर काढलं हे खरं, पण इतकी वर्षं बाहेर धरून ठेवलं ते न सांगितलेल्या एका वाक्याने.

मला माझ्या वडिलांचं कळलं ते फॅमिली ग्रुपवर. ही खूप नंतरची गोष्ट. आत्येभावाने हात जोडलेलं चित्र टाकलं होतं आणि खाली बाकीच्यांची तशीच चित्रं, मी बसमध्ये वर सरकवत सरकवत कोण गेलं ते शोधत होतो. माझं परमिट तेव्हा दोन अर्जांच्या मध्ये लटकलेलं होतं, गेलो असतो तर परत येता आलं नसतं. मी गेलो नाही. त्या दिवशी मला हिरुतच्या माणसांची ती पहाटेची चाल आठवली आणि आपण काय हसलो होतो तेही आठवलं. कारण पहिल्यांदा ऐकल्यावर मी हसलो होतो. मी म्हणालो होतो, टेक्स्ट करायचं ना सरळ.

दुसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी तो माणूस सापडला. टोरोंटोत मुलाकडे नुकताच राहायला आलेला एक म्हातारा, तरुणपणी तो पकडलेल्या अधिकाऱ्यांच्या तुरुंगात पहाऱ्याला शिपाई होता. चर्चमध्ये कुणाच्या तरी तोंडून त्याने मेजरसाहेबांचं नाव ऐकलं आणि तो चर्चच्या पायरीवर मटकन बसला म्हणे. बातमी गिर्मांपर्यंत आली. गिर्मा म्हणजे हॅमिल्टनमधल्या त्यांच्या लोकांतले वडीलधारे, पूर्वी टॅक्सी चालवायचे, कुणाच्याही मयतीला सगळ्यात आधी उभे राहायचे. त्यांनी हिरुतला बोलावून घेतलं. हे सगळं माझ्या मागे चाललेलं होतं. मला एवढंच दिसत होतं की हिरुत घरात आली की आईच्या खोलीत न जाता आधी बाथरूममध्ये जाते आणि बराच वेळ नळ वाहतो.

मी रात्रपाळीला एका वेअरहाउसमध्ये जात होतो. सकाळी कॉलेजला परस्पर जायचो, घरी यायला दुपार व्हायची. हे हिरुतला माहीत होतं आणि त्यावरच तिचा हिशेब होता. त्या दिवशी वेअरहाउसमधला बेल्ट बंद पडला आणि त्यांनी आम्हाला लवकर सोडलं. मी बसमधून उतरलो तेव्हा उजाडायला लागलं होतं, थंडी अशी की नाकातले केस कडक होतात. आमच्या घरापासून थोडं अलीकडे ओळीने गाड्या उभ्या होत्या, इंजिनं चालू, मागून वाफ. आत माणसं. जाड जॅकेटांवर पांढऱ्या शाली घेतलेल्या बायका. पुढच्या गाडीत गिर्मा आणि त्यांच्या शेजारी हिरुत, जी रात्री ड्युटीवर जाते म्हणून गेली होती. मला बघून तिने तोंड फिरवलं. गिर्मांनी काच थोडी खाली केली आणि म्हणाले, "तू जा, झोप. आम्ही एका गाडीची वाट बघतोय."

मला खरंच काही कळलं नाही. रात्रभर खोकी उचललेली, डोकं बधिर, आणि वर आपले संस्कार. पाहुणे दारात येऊन थंडीत बसलेत आणि घरच्या माणसाला पत्ता नाही, हे आमच्या घरी घडलं असतं तर वडिलांनी मला उभा चिरला असता. मी बाजूच्या दाराने बेसमेंटमध्ये न जाता सरळ पुढच्या दाराने वर गेलो. एमामा स्वयंपाकघरात प्रार्थना आटोपून उठत होती.

"एमामा," मी म्हणालो, "बाहेर तुमची माणसं आलीत. गाडीत बसलीत. बोलावू का आत?"

"कोण?"

"गिर्मा आहेत. हिरुत आहे. बऱ्याच बायका आहेत."

"शाली घेतल्यात?"

मी हो म्हणालो. ती खुर्चीच्या पाठीला धरून थोडी उभी राहिली. हिरुत त्यांच्यात आहे म्हणजे हिरुतला काही झालेलं नाही. बहिणीशी ती आदल्या रात्रीच फोनवर बोलली होती. तिने हे सगळं मनात लावून पाहिलं असणार. मला तिच्या चेहऱ्यावर फक्त थकवा दिसला. मग ती गेली, पुढच्या दाराची कडी लावली, साखळी लावली. परत येऊन स्वयंपाकघरातून बेसमेंटच्या जिन्याकडे उघडणाऱ्या दारापाशी उभी राहिली आणि मला म्हणाली, "खाली जा." मी जिना उतरायला लागलो आणि मागे तिने त्याही दाराचा बोल्ट सरकवल्याचं ऐकलं.

पुढच्या दाराशी काय झालं ते मी बेसमेंटच्या खिडकीतून ऐकलं. ती खिडकी जमिनीलगत होती, मला फक्त पायऱ्यांवरचे बूट दिसत होते. किल्ली फिरली, दार साखळीपर्यंत उघडलं आणि अडलं. हिरुत आईला हाक मारत होती. गिर्मा हळू आवाजात काहीतरी समजावत होते. आतून एमामाचा आवाज शांत, सारखाच. हिरुतने नंतर सांगितलं, ती एवढंच म्हणत होती: जे आणलंय ते घेऊन परत जा. तिला पक्कं ठाऊक होतं की अशी गोष्ट कुणी दाराच्या फटीतून ओरडून सांगत नाही. आत घेतल्याशिवाय, बसवल्याशिवाय ते तोंड उघडू शकत नव्हते. त्यांच्याच रीतीने तिने त्यांना बाहेर बांधून ठेवलं. एक म्हातारा सारखा खोकत होता. त्याचे बूट साधे होते, बर्फाचे नव्हते.

मग हिरुत माझ्या बाजूच्या दाराशी आली. मी दार उघडलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तू सांगितलंस." मी दारातून बाजूला झालो. ती आत आली, जिना चढून वरचं दार ढकलून पाहिलं, ते हललं नाही. ती तिथेच पायरीवर बसली. मग तिच्या मागून बाकीचे एकेक करून आत आले, बूट काढून, डोकी वाकवून, कारण माझं छत ठेंगणं होतं. माझ्या दोरीवर वाळत घातलेले कपडे बायकांनी बाजूला सारले. माझ्या गादीवर तो खोकणारा म्हातारा बसला. कुणीतरी हिरुतला हाताला धरून जिन्यावरून खाली आणलं आणि मध्ये बसवलं. तेव्हा मला समजलं की आईचं राहिलं, ते आता लेकीला सांगणार आहेत.

म्हातारा त्यांच्या भाषेत बोलला. फार नाही बोलला. बायकांच्या शाली तोंडावर गेल्या. हिरुतने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं, कारण वर आई होती, आणि तिच्या घशातून जो आवाज येत होता तो मी त्याआधी कुणाचा ऐकला नव्हता. आमच्या डोक्यावर पावलं वाजत होती. ती आली, बरोबर आमच्या वर थांबली. आणि मग वर व्हॅक्यूम क्लीनर सुरू झाला. पहाटेच्या वेळी, त्या गुळगुळीत लाकडी फरशीवर, जिथे गालिचा नव्हता. तो पुढे-मागे होत नव्हता. एकाच जागी उभा राहून घरघरत होता.

पहिल्यांदा गिर्मांच्या लक्षात आलं. त्यांनी हिरुतचे हात तिच्या तोंडावरून काढले. मग ती रडली. सगळ्या बायका रडल्या, छाती पिटून, नाव घेऊन, आणि वर ते यंत्र चालू राहिलं, त्यांचं होईपर्यंत. मी भिंतीला टेकून उभा होतो, कामाचं जॅकेट अंगात तसंच. मला रडू आलं नाही. मला वाटत होतं, हे सगळं माझ्यामुळे खाली आलं, ते वर व्हायला हवं होतं.

सगळे गेल्यावर वरचा बोल्ट निघाला. एमामाने मला बोलावलं. टेबलावर इंजेरा झाकून ठेवली होती. तिने विचारलं, "खाली बसायला दिलंस त्यांना?" मी म्हणालो, हो. "चहा?" मला सुचलं नाही, मी म्हणालो. तिने मान हलवली, आता याला काय सांगायचं अशी. मग म्हणाली, "तुला आमची भाषा येत नाही."

"नाही."

"म्हणजे तुला काही कळलं नाही."

"नाही, एमामा."

"ये, खा."

त्या दिवसानंतर तिने लोकांचं घरात येणं-जाणं बंद केलं. गिर्मा आले तर ती झोपलीय म्हणून मला सांगायला लावायची. चर्च सोडलं. लेकीशी बोलायची ते भाजीपाल्याबद्दल. हिरुत आता काळं नेसत होती, पण घरी नाही. हॉस्पिटलातून निघताना काळे कपडे, आणि घराच्या कोपऱ्यावर गाडी थांबवून, पुढच्या सीटवर बसल्या बसल्या अंगावर रंगीत काहीतरी चढवायची. आईला ते माहीत असणार. आईने एकदाही तसं दाखवलं नाही. दोघी एका ताटात जेवत राहिल्या. मी मधला माणूस झालो होतो. एमामाला भीती न वाटता जिच्याकडे बघता येईल अशी त्या घरातली एकच जागा उरली होती, ती माझा चेहरा. मला काही माहीत नव्हतं म्हणून. दुपारी ती मला कॉफीला बसवायची, मी अर्धवट झोपेत पीत राहायचो, आणि ती मेजरसाहेबांच्या गोष्टी सांगायची, ते सकाळी चालायला कसे जातात, ते घोड्यावर कसे बसतात. मी ऐकत होतो. त्या काळात मी कुणाच्या तरी खरोखर उपयोगी पडत होतो. हे मला तेव्हा कळलं असतं तर मी पुढचं होऊ दिलं नसतं, असं मी म्हणतो. खात्री नाही.

उन्हाळ्यात हिरुतने मला कॉलेजवरून गाडीत घेतलं. कोपऱ्यावर थांबली, कपडे बदलायला. मी खिडकीबाहेर बघत होतो. ती म्हणाली, दत्ता, मला हे कुणाला तरी सांगायचंय, आमच्यात सगळ्यांना माहीत आहे, न माहीत असलेला कुणी राहिलेला नाही. तिला थांबवायला हवं होतं. मी थांबवलं नाही, कारण खरं सांगायचं तर मला ऐकायचं होतं. मग तिने सांगितलं. एका पहाटे त्यांना गोळ्या घालायला बराकीच्या मागे नेलं. तो शिपाई कंदील धरायला होता. मेजरसाहेबांना थंडी वाजत होती, अंगावर नुसता सदरा. त्यांनी शिपायाला विचारलं, अंगात घालायला काही आहे का. शिपाई नाही म्हणाला. शिपायाच्या खांद्यावर स्वतःची घोंगडी होती. एवढंच. मग हिरुत म्हणाली, "माझ्या आईने चाळीस वर्षं तो कोट सांभाळलाय," आणि गाडी सुरू केली.

त्या दुपारी मी कॉफीला वर गेलो नाही. दुसऱ्या दिवशी परीक्षा आहे म्हणालो. मग पाळी बदलून घेतली. एकदा जिन्यावर गाठ पडली तेव्हा ती काहीतरी सांगत होती, ते कोट कसा खांद्यावर टाकतात असलं काहीतरी, आणि मी जमिनीकडे बघत होतो. ती बोलायची थांबली. महिन्याभरात मला देशाच्या दुसऱ्या टोकाला, बर्नाबीला नोकरी मिळाली. मिळाली म्हणजे मी शोधली. हॅमिल्टनमध्ये मिळाली नसती असं नाही.

जायच्या दिवशी बॅग बाहेर ठेवून मी पुढचं दार वाजवलं. हिरुत कामावर होती. दार उघडलं, साखळीपर्यंत. फटीतून तिचा अर्धा चेहरा दिसत होता. मी म्हणालो, निघतो एमामा, फोन करीन. वाकून नमस्कार करायचा होता, पण फटीतून पाय दिसत नव्हते.

ती माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हिरुतने तुला सांगितलं."

"काय?" मी म्हणालो.

मला वाटतं, मी तो शब्द जरा लवकर म्हणालो. तिने साखळी काढली नाही. "जा, लिजे," ती म्हणाली, "बस चुकेल." आणि तिने दार लावून घेतलं, अगदी हळू, आत कुणी झोपलेलं असताना लावतात तसं.